धावता धावता सल्ला: शुड, मस्ट आणि हॅड बेटर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीत सल्ला द्यायची वेळ आली की आपल्याकडची बरीच मंडळी दोनच गोष्टी करतात. एकतर सरळ आज्ञार्थ ठोकतात, नाहीतर प्रत्येक वाक्यात ‘मस्ट’ घालतात. रस्त्यावरच्या धावण्याच्या शर्यतीचा आधार घेऊन हा गुंता सोडवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. व्याकरण येत असेल पण धावण्याची आवड नसेल, किंवा उलट असेल, तरी काही अडणार नाही.

व्याकरण शिकायला धावण्याची शर्यतच कशाला?

शर्यतीला नाव नोंदवल्याचं कळायचा अवकाश, चहूबाजूंनी सल्ले सुरू होतात. शिवाय प्रत्येक सल्ल्याचं वजन वेगळं असतं. आयोजकांचा नियम मोडला तर तुम्हाला बाद करतात. डॉक्टरांची सूचना टाळली तर जिवावर बेतू शकतं. पेसरचं, म्हणजे ठरावीक वेगाने धावून बाकीच्यांना गती राखून देणाऱ्याचं, ऐकलं नाही तर शेवटचे पाच किलोमीटर रडत काढावे लागतात. आणि शेजाऱ्याने सुचवलेले मोजे नाही घेतले, तर काहीच होत नाही.

मराठीत यातलं जवळपास सगळं ‘पाहिजे’ आणि ‘हवं’ एवढ्यावर निभावतं. ‘हळू धावायला पाहिजे’ हे मित्रही म्हणतो आणि हृदयरोगतज्ज्ञही म्हणतात. वजन किती ते आपण आवाजावरून, एखाद्या ‘च’वरून, कोण बोलतंय त्यावरून ओळखतो. इंग्रजीत हे वजन बऱ्याच अंशी शब्दातच भरलेलं असतं, त्यामुळे बोलण्याआधी शब्द निवडावा लागतो. ही निवड करायची सवय लावायला शर्यत फार सोयीची पडते.

कोणता शब्द किती जोराचा?

एकच सल्ला घेऊ: सुरुवात हळू करा. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये गर्दीच्या लोंढ्याबरोबर सुसाट सुटणं ही नवख्यांची नेहमीची गत, म्हणून हा सल्ला सगळेच देतात.

‘यू कुड स्टार्ट स्लोअर’ म्हणजे असाही एक पर्याय आहे, पटला तर बघा. ‘यू माइट वॉन्ट टू स्टार्ट स्लोअर’ यातही जोर नाही, पण बोलणाऱ्याला आत कुठेतरी हेच बरं वाटतंय हे कळतं. ‘यू शुड स्टार्ट स्लोअर’ हा सरळ, स्पष्ट सल्ला. ‘यूड बेटर स्टार्ट स्लोअर’ म्हणताना पुढचं ‘नाहीतर बघ’ बोलायचं राहिलेलं असतं. ‘यू हॅव टू’ आणि ‘यू मस्ट’ इथपर्यंत आलात की सल्ला संपला, आता सक्ती आहे.

एक सांगून ठेवतो. ही शिडी पाठ करून काम भागत नाही. ‘शुड’ कपाळाला आठ्या घालून म्हटलं तर ‘मस्ट’च्या वर जातं, आणि ‘मस्ट’ हसत म्हटलं तर आमंत्रण होतं. ‘यू मस्ट रन धिस वन, द व्ह्यूज आर अमेझिंग!’ यात कुठली आली सक्ती? हा निव्वळ उत्साह आहे.

‘शुड’ आणि ‘मस्ट’ यांत घोळ होतो. ओळखायचं कसं?

स्वतःला विचारा: ऐकलं नाही तर काय होईल, आणि ते कोण करील? नुकसान फक्त ऐकणाऱ्याचं होणार असेल तर ‘शुड’. कोणीतरी अधिकाराने कारवाई करणार असेल तर ‘मस्ट’.

बुटांचंच उदाहरण घ्या. शर्यतीच्या दिवशी कोरे करकरीत बूट घालू नयेत, हे धावणारा प्रत्येकजण सांगतो, कारण न रुळलेल्या बुटाने फोड येतात. ‘यू शुड वेअर शूज यू हॅव ऑलरेडी ट्रेन्ड इन.’ नाही ऐकलं तर फोड तुमचे, पाय तुमचे. कोणी पंच येऊन काही बोलणार नाही.

आता दुसरा बूट. वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावरच्या शर्यतीत स्पर्धकाच्या बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाच्या डेरारा हुरिसाने अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडली. पण त्याच्या बुटाचा तळ ५० मिलिमीटर निघाला, तो बाद झाला आणि विजेतेपद केनियाच्या लेनर्ड लांगाटकडे गेलं. इथे ‘द सोल शुड नॉट बी थिकर’ म्हणून चालणार नाही. ‘द सोल मस्ट नॉट बी थिकर दॅन फोर्टी मिलिमीटर्स.’ एका सेंटिमीटरने विजेतेपद घालवलं, एवढं आठवलं तरी या दोन शब्दांत पुन्हा गल्लत होणार नाही.

‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ एकच ना?

होकारार्थी वाक्यात बरेचदा हो. बारीक फरक असा की ‘मस्ट’मध्ये सक्ती बोलणाऱ्याची असते, ‘हॅव टू’मध्ये ती बाहेरून आलेली असते. म्हणून छापील सूचनापत्रकात ‘पार्टिसिपन्ट्स मस्ट कलेक्ट देअर बिब्स इन पर्सन’ असं येतं (बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) आणि तीच माहिती मित्राला देताना आपण ‘यू हॅव टू गो अँड कलेक्ट इट युअरसेल्फ’ म्हणतो. नियम आपला नाही, आपण फक्त निरोप देतोय. रोजच्या बोलण्यात, विशेषतः अमेरिकन इंग्रजीत, सक्तीसाठी ‘हॅव टू’च जास्त ऐकू येतं.

भूतकाळात मात्र निवड उरतच नाही. ‘मस्टेड’ असा शब्द नाही. ‘आय हॅड टू स्टँड इन द क्यू’ एवढंच.

आणि नकारार्थी वाक्यात?

इथे खरी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर.

‘यू मस्ट नॉट स्टॉप’ म्हणजे थांबायला मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू स्टॉप’ म्हणजे थांबायची गरज नाही, थांबलात तरी हरकत नाही. होकारात जवळजवळ जुळे वाटणारे हे दोन शब्द नकारात पार विरुद्ध दिशांना जातात. आपल्याला हे जड जातं, कारण ‘थांबायला नको’ या मराठी वाक्यात दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदतात. ‘रांगेत थांबायला नको, चिप (वेळ नोंदवणारी) लावलेलीच आहे’ यात गरज नाही असं म्हणायचंय. ‘रस्त्याच्या मधोमध थांबायला नको, मागचे येऊन धडकतील’ यात थांबूच नये असं म्हणायचंय. तोच ‘नको’.

शर्यतीच्या वाटेवरच्या पाण्याच्या टेबलापाशी, म्हणजे ‘वॉटर स्टेशन’पाशी, हा फरक नुसता व्याकरणाचा राहत नाही. एकेकाळी लांब पल्ल्याच्या धावपटूंना जमेल तितकं पाणी प्या असंच सांगितलं जायचं. पुढे लक्षात आलं की गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताचे नमुने तपासले तेव्हा त्यांतल्या १३ टक्के जणांचं सोडियम कमी आढळलं. हा अभ्यास २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. आज सर्वसाधारण सल्ला तहानेप्रमाणे पिण्याचा असतो.

आता हे नवख्याला इंग्रजीत सांगा. ‘यू मस्ट नॉट ड्रिंक ॲट एव्हरी स्टेशन’ म्हणालात तर बिचारा तहानलेला असूनही टेबल ओलांडून पळेल. ‘यू डोन्ट हॅव टू ड्रिंक ॲट एव्हरी स्टेशन’ म्हणालात तर योग्य अर्थ पोचेल: तहान असेल तर घ्या, नसेल तर पुढे चला. आणि ‘यू शुडन्ट ड्रिंक मोअर दॅन यू नीड’ हा त्यापुढचा सल्ला. तीन नकार, तीन वेगळे परिणाम.

‘हॅड बेटर’मध्ये ‘हॅड’ आहे, मग ते भूतकाळाचं कसं नाही?

नाही. रूप भूतकाळाचं, अर्थ आत्ताचा किंवा पुढचा. ‘वी हॅड बेटर लीव्ह नाऊ, द रोड क्लोजेस ॲट फाइव्ह’ म्हणजे आता निघालेलं बरं, पाचला रस्ता बंद होतोय. त्याच्यापुढे ‘टू’ येत नाही, आणि नकार करताना ‘नॉट’ ‘बेटर’च्या नंतर येतं: ‘यूड बेटर नॉट फोल्ड दॅट बिब.’ बिबच्या मागे बरेचदा चिप चिकटवलेली असते, ती दुमडली तर वेळेची नोंद हुकू शकते.

मराठीतलं ‘बरं’ ऐकायला मऊ लागतं, त्यामुळे आपण ‘हॅड बेटर’ही मऊच समजतो. तसं नाही. त्यात इशारा आहे. धाकट्या भावाला, जवळच्या मित्राला चालतं. साहेबांना ‘यूड बेटर ट्रेन मोअर’ म्हणालात तर ती धमकी वाटेल.

‘ऑट टू’ शिकायचं का?

वाचताना कळलं की पुरे. अर्थ ‘शुड’सारखाच, किंचित जास्त नैतिक. बोलताना ‘शुड’ वापरा, कोणाचं काही बिघडत नाही.

‘टू’ कुठे लावायचं, ‘एस’ कुठे लावायचा?

‘शुड’, ‘मस्ट’, ‘कुड’, ‘माइट’ यांच्यानंतर ‘टू’ नाही. ‘शी शुड रेस्ट’ बरोबर, ‘शी शुड टू रेस्ट’ चूक, ‘शी शुड रेस्ट्स’ही चूक. प्रश्न करताना ‘डू’ला बोलवायचं नाही: ‘शुड आय ईट बिफोर द रेस?’ एवढंच. ‘हॅव टू’ मात्र साध्या क्रियापदासारखं वागतं, तिथे ‘टू’ हवंच आणि ‘डू’ही लागतं: ‘डू आय हॅव टू वेअर द बिब ऑन द फ्रंट?’

वयाने मोठ्या किंवा अनोळखी माणसाला सल्ला कसा द्यायचा?

मराठीत आपलं काम सोपं असतं. ‘काका, जरा दम घ्या’ म्हटलं की झालं. ‘काका’ने आपुलकी आली, ‘घ्या’ने मान आला, मग क्रियापद आज्ञार्थी असलं तरी कोणाला टोचत नाही. हेच वाक्य तसंच्या तसं उचलून ‘अंकल, टेक रेस्ट’ केलं की मान गळून पडतो आणि नुसता हुकूम उरतो. इंग्रजीत ‘यू’ एकच. अदब दाखवायची ती ‘माइट’, ‘कुड’, ‘वुड’ यांच्याच मदतीने.

समजा, दहा किलोमीटरची शर्यत चालू आहे. सहाव्या किलोमीटरला एक गृहस्थ वाकून, गुडघ्यांवर हात टेकून उभे आहेत. शेजारून जाणारी मुलगी वेग कमी करते.

‘आर यू ऑल राइट, सर?’

‘जस्ट अ क्रॅम्प. आय थिंक आय वेन्ट आउट टू फास्ट.’

‘यू माइट वॉन्ट टू वॉक फॉर अ बिट. देअर्स अ मेडिकल टेंट जस्ट अहेड. यू कुड ॲस्क देम टू टेक अ लुक.’

‘शुड आय स्ट्रेच इट?’

‘इफ आय वेअर यू, आय वुड. जेंटली.’

तिने ‘शुड’ एकदाही वापरलं नाही. ते वापरलं गृहस्थांनी, सल्ला मागताना. अनोळखी माणसांत हे नेहमी दिसतं: मागणारा ‘शुड आय’ म्हणतो, देणारा त्याहून मवाळ शब्द निवडतो. नात्याने किंवा कामाने तुम्हाला अधिकार असेल, म्हणजे तुम्ही पेसर आहात, प्रशिक्षक आहात, तर खुशाल ‘शुड’ म्हणा.

नेहमीच इतकं मवाळ बोलायचं?

मुळीच नाही. त्या गृहस्थांनी पायात गोळा आलाय म्हणण्याऐवजी छातीत दुखतंय म्हटलं असतं, तर ‘यू माइट वॉन्ट टू’ला तिथे जागा नव्हती. ‘स्टॉप. सिट डाउन. आय ॲम कॉलिंग द मेडिक्स.’ मोडल (‘शुड’, ‘माइट’सारखे शब्द) वगैरे सगळं बाजूला. जीव धोक्यात असताना इंग्रजीतही आज्ञार्थच चालतो आणि तो उद्धट वाटत नाही.

२००७ च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये उष्म्याने माणसं कोसळायला लागली तेव्हा आयोजकांनी साडेतीन तासांच्या सुमारास शर्यतच थांबवली. तिथे ‘यू शुड कन्सिडर स्टॉपिंग’ हा पर्याय नव्हता. सल्ल्याचं आदेशात रूपांतर कधी होतं याचं यापेक्षा ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

‘शुड हॅव’ कधी वापरायचं?

वेळ निघून गेल्यावर. करायला हवं होतं, पण केलं नाही.

१९५४ मध्ये व्हँकुव्हरला राष्ट्रकुल स्पर्धांची मॅरेथॉन झाली. दिवस कडक उन्हाचा. इंग्लंडचा जिम पीटर्स स्टेडियममध्ये शिरला तेव्हा जवळपास १७ मिनिटांनी पुढे होता, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. पाय लटपटत होते. तो पडला, उठला, पुन्हा पडला. स्टेडियममधलं जेमतेम २०० मीटर अंतर कापायला त्याला सुमारे ११ मिनिटं लागली आणि अंतिम रेषेपर्यंत तो पोचलाच नाही. सुवर्णपदक स्कॉटलंडच्या जो मॅगीला मिळालं. पीटर्स त्यानंतर कधी शर्यत धावला नाही.

‘ही शुड हॅव स्लोड डाउन.’ त्याने वेग कमी करायला हवा होता, पण केला नाही. ‘समवन शुड हॅव टोल्ड हिम अबाउट द लीड.’ कोणीतरी सांगायला हवं होतं. ‘ही नीडन्ट हॅव पुश्ड सो हार्ड.’ एवढं ताणायची गरज नव्हती, तरी ताणलं. हे तिसरं रूप लक्षात ठेवण्याजोगं आहे. ‘नीडन्ट हॅव’मध्ये गोष्ट केलेली असते आणि ती वाया गेलेली असते. ‘डिडन्ट नीड टू’मध्ये ती केली की नाही हे उघडं राहतं.

एक सूचना व्यवहारातली. नुकतीच शर्यत संपवून धापा टाकणाऱ्याला ‘यू शुड हॅव ट्रेन्ड मोअर’ म्हणू नका. व्याकरण शुद्ध आहे, पण हा सल्ला नव्हे, टोमणा आहे. ‘नेक्स्ट टाइम यू कुड ॲड अ फ्यू लाँग रन्स’ म्हणा. अर्थ तोच, फक्त तोंड पुढच्या शर्यतीकडे वळवलेलं.

‘शी शुड बी हिअर बाय नाऊ’ यात सल्ला कुठे आहे?

नाहीच. हा अंदाज आहे. ती एव्हाना यायला हवी होती, असं घड्याळ बघून म्हणतो तसं. प्रेक्षकांमध्ये उभं राहिलात तर हा ‘शुड’ सल्ल्याच्या ‘शुड’पेक्षा जास्त ऐकू येईल: ‘ही शुड बी पास्ट हाफवे.’ संदर्भाने लगेच कळतं, वेगळं शिकावं लागत नाही.

याच अंदाजासाठी ‘माइट’ही येतो. ‘युअर वॉच माइट शो अ बिट मोअर दॅन ४२.१९५.’ ४२.१९५ किलोमीटर हे मॅरेथॉनचं अंतर. ते जास्त दिसलं तर त्यात अंतर मोजणाऱ्या घड्याळाचा दोष असतोच असं नाही. अधिकृत मार्ग वळणांवरच्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, वर अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. गर्दीत आपण ती रेषा पकडू शकत नाही, त्यामुळे पायाखालून थोडं जास्तच जातं.

उच्चारात काय सांभाळायचं?

‘शुड’ आणि ‘कुड’मधला ‘एल’ मुका. ‘मस्टन्ट’ लिहितात तसं बोलत नाहीत, मधला ‘टी’ गळून ‘मसन्ट’ होतं. ‘शुड हॅव’ वेगात ‘शुडव्ह’ ऐकू येतं, म्हणून कित्येक इंग्रजीभाषकसुद्धा ते ‘शुड ऑफ’ असं चुकीचं लिहितात. तुम्ही नका लिहू.

आघातही बघा. साध्या सल्ल्यात ‘शुड’ पटकन उरकतात, जोर पुढच्या क्रियापदावर येतो. तोच जोर ‘शुड’वर दिला की अर्थ फिरतो: करायला तर हवं, पण तू काही करणार नाहीस, असा सूर लागतो.

‘ॲडव्हाइस’ आणि ‘सजेस्ट’ वापरताना काय चुकतं?

‘ॲडव्हाइसेस’ असं अनेकवचन होत नाही. ‘सम ॲडव्हाइस’ किंवा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. आणि ‘सजेस्ट मी अ गुड शू’ नको, त्याऐवजी ‘कुड यू सजेस्ट अ गुड शू?’ म्हणा.

घरच्या घरी सराव कसा करायचा?

कुठल्याही मोठ्या शर्यतीचं इंग्रजी सूचनापत्रक मिळवा. त्यातल्या ‘मस्ट’, ‘मे’, ‘शुड’ आणि ‘कॅनॉट’ यांच्याखाली रेघा मारा. मग प्रत्येक वाक्य तीन जणांना सांगायचंय असं समजून पुन्हा लिहा: पहिल्यांदाच धावणारा मित्र, ऑफिसातले वरिष्ठ, आणि शाळकरी भाची.

नमुन्यादाखल एक घेऊ. दुसऱ्याच्या नावाचा बिब लावून धावायला बहुतेक शर्यतींत बंदी असते. कारण केवळ शिस्तीचं नाही. तुम्ही वाटेत कोसळलात, तर डॉक्टर बिबच्या क्रमांकावरून ज्याची माहिती काढतील तो माणूस घरी झोपलेला असेल. पत्रकात असतं: ‘रनर्स मस्ट नॉट ट्रान्सफर देअर बिब्स.’ मित्राला: ‘यू कान्ट यूज माय बिब, यार. दे’ल डिस्क्वालिफाय बोथ ऑफ अस.’ वरिष्ठांना: ‘आय ॲम अफ्रेड बिब्स कान्ट बी ट्रान्सफर्ड, सर. यू माइट वॉन्ट टू चेक विथ द ऑर्गनायझर्स.’ भाचीला: ‘नो, यू मसन्ट वेअर माय नंबर.’ नियम तिघांनाही तोच. वरिष्ठांसमोर पहिल्या वाक्यातून ‘यू’ अलगद काढून टाकलाय, तेवढं बघा. मवाळपणा आणायची ही आणखी एक रीत.

ज्यांना धावायचं नाही त्यांनी स्वयंसेवक म्हणून उभं राहावं. पाण्याच्या टेबलामागे तासभर घालवलात तर सल्ला, विनंती, नकार आणि इशारा सगळं तोंडातून काढावंच लागतं.

‘शल’चं काय?

नियमपुस्तकात तो ‘मस्ट’च्या अर्थाने भेटतो, तिथे ओळखता आला की झालं. बोलताना तो फक्त ‘आय’ आणि ‘वी’बरोबर, प्रश्नातच ठेवा: ‘शल आय होल्ड युअर बॉटल?’, ‘शल वी वॉक दिस हिल?’ अमेरिकेत तेही ‘शुड’नेच विचारतात.